आधी शब्द, मग करुणा

“मॅडम, आतून काहीच वाटत नसताना ‘तुम्हाला किती भीती वाटत असेल, ते मला समजतं’ असं म्हणायचं, हे खोटं बोलणं नाही का?”

विचारणारी मुलगी भंडारा जिल्ह्यातली. जीएनएम झालेली, नागपुरात एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात कामाला, आणि नर्स म्हणून इंग्लंडला जाण्यासाठी ओईटी परीक्षेची तयारी करणारी. ड्युटी संपली की ती आणि तिच्यासारख्या आणखी काही जणी इंदोऱ्यात माझ्या घरी येतात. मी आयुष्यभर नर्सिंग शिकवलं, पाठ्यनिर्देशिका म्हणून निवृत्त झाले, आणि आता या मुलींकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेते. तिचा प्रश्न इंग्रजीचा नव्हता. ती दर रविवारी विहारात पंचशील ग्रहण करते. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. गुण मिळावेत म्हणून मनात नसलेली करुणा बोलून दाखवली तर ते शील मोडतं का, हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

‘परीक्षेपुरतं चालतं गं’ असं म्हणून मला तिला वाटेला लावता आलं नसतं. जी मुलगी परीक्षेपुरतं खोटं बोलायला तयार आहे, ती उद्या वॉर्डापुरतंही बोलेल. आणि आजारी माणसाला सिस्टरचा शब्द खरा वाटलाच पाहिजे. त्याच्याकडे दुसरा आधार नसतो.

ही परीक्षा ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगते. ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी घेतली जाणारी इंग्रजीची परीक्षा. तिचा जन्म ऑस्ट्रेलियातला, आज ब्रिटनची नर्सिंगची नियामक परिषदही ती मान्य करते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. ऐकण्याचे ४२ प्रश्न, वाचण्याचे ४२. लिहिण्यात रुग्णाच्या नोंदी वाचून ४५ मिनिटांत एक पत्र तयार करायचं, डिस्चार्जचं किंवा रुग्णाला पुढे पाठवण्याचं. प्रत्येक भागाला ५०० पैकी गुण, आणि ३५० ला ‘बी’ श्रेणी सुरू होते. लहान रुग्णालयात राबणाऱ्या मुलीचा महिन्याचा पगार तिच्या फीमध्ये जातो. म्हणून हा खेळ नाही. घर गहाण ठेवून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

बोलण्याच्या भागात दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. हातात एक कार्ड मिळतं, तयारीला तीन मिनिटं. समोरची व्यक्ती रुग्ण होते किंवा रुग्णाची आई होते. इन्सुलिनची सुई घ्यायला घाबरणारा म्हातारा, बाळाला लस नको म्हणणारी आई, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी घरी जायचा हट्ट धरणारा माणूस. ही समोरची व्यक्ती गुण देत नाही. संभाषणाचं ध्वनिमुद्रण होतं आणि दूर बसलेले परीक्षक ते ऐकून गुण देतात. मुलीचे डोळे भरून आले की कोरडे राहिले, हे त्यांना दिसत नाही. आवाज, शब्द आणि शब्दांमधली शांतता, एवढंच त्यांच्यापर्यंत पोहोचतं.

२०१८ च्या सप्टेंबरपासून या भागात उच्चार, ओघ, व्याकरण यांच्या जोडीला रुग्णाशी वागण्याचेही गुण धरले जाऊ लागले. रुग्णाच्या मनःस्थितीची कदर केली का? त्याला दोष न देता ऐकून घेतलं का? त्याने जाता जाता सोडलेला इशारा पकडला का? मध्येच तोडलं नाही ना? माहिती देताना थांबत थांबत दिली का? त्याला कळलं की नाही, हे पुन्हा विचारलं का? या प्रत्येक गोष्टीला गुण आहेत. म्हणजे परीक्षक करुणेला गुण देतात, असं माझ्या विद्यार्थिनीचं म्हणणं, आणि ते चुकीचं नाही. शिकवणी वर्गांनी त्यावर लगेच उपाय काढला. सहानुभूतीच्या वीस-पंचवीस वाक्यांची यादी पाठ करायची आणि दर मिनिटाला एक टाकायचं.

अशी यादी पाठ करत असतानाच तिला तो प्रश्न पडला.

तिच्या बाजूने उभं राहायचं तर आपल्याकडे ज्ञानेश्वरांएवढा मोठा साक्षीदार नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं जे लांबलचक वर्णन आहे, त्यात अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, हे सगळं येतं. बोलण्याच्या बाबतीत माउलींनी क्रमच सांगून टाकला आहे. अशा माणसाची दया पुढे धावते, बोलणं तिच्या पाठीमागून येतं. मी बौद्ध घरात वाढले, तरी हा भाग मी नर्सिंगच्या मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले, कारण रुग्णाच्या खाटेशी कसं उभं राहावं याचं इतकं नेमकं वर्णन मला नर्सिंगच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नाही. आता हा क्रम खरा मानला, तर ओईटीची तयारी उलटी झाली. शब्द आधी, आणि दया आली तर मागून.

पण तेरावा अध्याय ज्ञान ज्याच्या अंगी मुरलं आहे त्याची लक्षणं सांगतो. तो पोहोचलेल्या माणसाबद्दल आहे. जो अजून वाटेवर आहे त्याने काय करावं, याचं उत्तर त्याच परंपरेने वेगळं दिलं. वारकरी आधी नाम जिभेवर ठेवतो. मन लागलं की मग नाम घे, असं कुणी त्याला सांगत नाही. नाम घेता घेता मन लागेल, यावर सगळी भिस्त. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये पास्कालने श्रद्धा नसलेल्या माणसाला जवळपास हेच सुचवलं होतं. ज्यांना श्रद्धा लाभली ते जसे वागले तसं वागायला लाग, प्रार्थनेला जा, तीर्थ घे. आणि त्याच्याही कितीतरी आधी ॲरिस्टॉटल सांगून गेला की न्यायाची कामं करत गेल्यानेच माणूस न्यायी होतो.

मला स्वतःला यासाठी फार लांब जावं लागत नाही. लहानपणी आई आम्हा भावंडांना विहारात घेऊन जायची. वंदना पालीत. त्रिसरण पालीत, पंचशील पालीत, सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंतणाऱ्या गाथाही पालीत. एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता. शेजारच्या मुलीशी भांडून आलेली मी डोळे मिटून सगळ्या जीवांसाठी सुख मागत होते, आणि माझ्या मनात त्या मुलीची वेणी ओढायची होती. ती वंदना खोटी होती असं मला आजही वाटत नाही. परक्या भाषेतले ते शब्द माझ्या आत जागा करून बसले. पुढे वॉर्डात, जिथे अंगावर ओरडणाऱ्या दारुड्या रुग्णाचंही ड्रेसिंग करायचं असतं, तिथे उपयोगी पडायला ते हजर होते.

म्हणून मी त्या मुलीला आधी पंचशीलाबद्दलच विचारलं. शील घेताना तू काय सांगतेस? ‘मी कधीही खोटं बोलले नाही’ असं सांगतेस का? नाही. तसं म्हटलं तर विहारातला प्रत्येक जण तिथल्या तिथे चौथं शील मोडेल. आपण यापुढचा एक नियम स्वतःवर घेतो. ते वाक्य आजच्या मनाचा दाखला देत नाही. ते मनाला कामाला लावतं. रुग्णाला ‘तुमची भीती मला समजते’ म्हणणंही याच जातीचं आहे, असं मला वाटतं. ते म्हणताना नर्स स्वतःच्या काळजातली हवा मोजून सांगत नसते. ती एक जबाबदारी उचलते की आता मी तुझी भीती समजून घेणार आहे.

तर मग ते वाक्य खरं की खोटं, हे ते उच्चारण्याच्या क्षणी ठरत नाही, पुढच्या दोन मिनिटांत ठरतं. ‘समजतं’ म्हणून झाल्यावर तिने कार्डावरची पुढची सूचना वाचायला घेतली, तर ती खोटं बोलली. थांबली, विचारलं, ऐकलं, आणि पुढचं सांगणं त्या ऐकण्याप्रमाणे बदललं, तर ती खरं बोलली. मन आधी ओलं होतं की कोरडं, यावर शील मोडण्या-न मोडण्याचा निवाडा होत नाही.

या परीक्षेत कोण पास होतं आणि कोण राहतं, हे पाहिलं तर तिथेही हीच गोष्ट दिसते. सरावासाठी मी एक प्रसंग नेहमी घेते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण उठून चालायला तयार नाही. नर्सने त्याला चालण्याचे फायदे सांगायचे. रुग्ण बोलता बोलता म्हणतो, माझे वडीलही असेच दवाखान्यात उठून चालायला गेले आणि पडले. पाठांतर केलेली मुलगी म्हणते, ‘ऐकून फार वाईट वाटलं,’ आणि सरळ रक्ताच्या गुठळ्या कशा टळतात ते सांगू लागते. इंग्रजी निर्दोष, गुण बेताचे. दुसरी मुलगी अडखळते, एखादं क्रियापद चुकते, पण विचारते, ‘पडले म्हणजे? मग काय झालं त्यांना?’ आणि उत्तर ऐकून म्हणते, ‘पहिल्या दिवशी मी तुमचा हात सोडणार नाही, दारापर्यंतच जाऊ.’ तिने रुग्णाचीच गोष्ट हातात घेऊन आपलं सांगणं त्यावर उभं केलं. परीक्षकांना हेच हवं असतं. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ असली वाक्यं तर मी वर्गात बंदच केली आहेत. ऑपरेशनचा निकाल ठाऊक नसताना ते म्हणणं हे मात्र सरळ सरळ चौथं शील मोडणं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णाला असा पोकळ धीर देणाऱ्या मंडळींवर एक अख्खं प्रकरण आहे, आणि तिचा राग त्यात लपून राहत नाही.

माझी विद्यार्थिनी एवढ्याने गप्प बसणारी नव्हती. “पण मॅडम, आतून वाटायला तर पाहिजे न?” रात्री तीन वाजता, चार व्हेंटिलेटरच्या मधोमध उभी असताना तिला काहीच वाटत नाही, हे तिला आत कुठेतरी खुपत होतं. आपण दगड झालो, असं तिने ठरवून टाकलं होतं.

इथे मला बौद्ध आचार्य बुद्धघोषांचा आधार घ्यावासा वाटतो. पाचव्या शतकातल्या त्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचं संपादन आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी केलं. त्यात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांची साधना पायरीपायरीने सांगितली आहे. मैत्रीची सुरुवात स्वतःपासून, मग आवडत्या माणसाकडे, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याच्याकडे, शेवटी वैऱ्याकडे. करुणेसाठी दैन्यात सापडलेला माणूस डोळ्यासमोर आणायचा. थोडक्यात, करुणा हा उमाळा येण्याची वाट पाहायचा विषय नाही, रोज बसून करायचा सराव आहे. आणि पुढे ते प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगतात, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, हे कुणालाही कळेल. जवळचा शत्रू कोण? शोक. करुणेसारखाच दिसतो म्हणून जवळचा. दुसऱ्याचं दुःख पाहून जो स्वतःच दुःखात बुडतो, त्याला आपण करुणा करतो आहोत असं वाटत राहतं, आणि आजाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वॉर्डात रडणारी नर्स शीर शोधू शकत नाही, हे आम्ही नर्सिंगच्या बायकांनी बुद्धघोष न वाचताही पाहिलेलं असतं. तेव्हा त्या मुलीला रात्री तीन वाजता जे वाटत नव्हतं, त्याला मी दगडपणा म्हणणार नाही. ती दमलेली होती. तरीही ती नळी साफ करत होती, कूस बदलत होती, बेशुद्ध माणसाला ‘बाबा, आता सुई टोचते हं’ असं सांगत होती.

आम्ही मुलींना इंजेक्शन द्यायला शिकवतो तेव्हा पहिली सुई संत्र्यात टोचायला लावतो. संत्र्याला दुखत नाही म्हणून तो सराव खोटा ठरत नाही. रोल-प्लेमधला रुग्णही तसाच.

पण एका आक्षेपापाशी मला अधिक वेळ थांबावं लागतं, कारण तो माझाही आहे. आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. विमानातल्या परिचारिकांचं काम त्यांनी अभ्यासलं. कंपनी हातपायांच्या कष्टाबरोबर हसूही पगारात विकत घेते, आणि रोज भाड्याने हसणाऱ्या बाईला पुढे पुढे स्वतःचं खरं हसू ओळखू येत नाही, असं त्यांचं सांगणं. ओईटी तर त्याहून पुढे जाते. गरीब देशातल्या मुलीची करुणा मोजायची, तिला श्रेणी द्यायची आणि श्रीमंत देशातल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी नेऊन उभी करायची. इथल्या रुग्णालयात तिची जागा रिकामी राहते. हे सगळं मला दिसतं, आणि ते दुखतं.

या आक्षेपाशी झगडताना मला विनयपिटकातल्या महावग्गातला एक प्रसंग आठवतो. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला. सोबतच्या भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवान बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद तिथे आले. आनंदाने पाणी आणलं, बुद्धांनी ते ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, आणि दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग बुद्धांनी संघाला बोलावून सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ज्या देशात मैला उचलणं जातीवर लादलं गेलं, त्या देशात धर्मसंस्थापकाने स्वतःच्या हाताने हे केलं, ही गोष्ट मी कुठल्याही बॅचला न सांगता पुढे गेले नाही. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण येतात. औषध तयार करता येणं. पथ्य-कुपथ्य कळणं. मलमूत्र, ओकारी, थुंकी उचलायची किळस नसणं. वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याचं मन उभारी धरील असं करणं. आणि सेवा मैत्रीच्या भावनेने करणं, लाभासाठी नव्हे.

बोलणं हे शुश्रूषेच्या कौशल्यांत तिथे धरलं आहे, औषधाच्या आणि स्वच्छतेच्या बरोबरीने. हे माझ्या मुलींच्या बाजूचं. पण लाभासाठी नव्हे, ही अट त्यांना अडवते. त्या तर पाउंडासाठी चालल्या आहेत. वडिलांचं कर्ज, भावाचं शिक्षण, गावात पक्कं घर. मी बराच काळ या अटीशी झगडते आहे. पगार घेणं आणि लाभासाठी सेवा करणं यांत फरक आहे, असं माझं मत होत गेलं. तिथला प्रसंगच सांगतो की त्या भिक्खूला टाकलं गेलं ते तो उपयोगाचा नाही म्हणून. लाभासाठी सेवा करणारा उपयोगाच्या आजाऱ्यापाशी थांबतो आणि निरुपयोगी आजाऱ्याला ओलांडून जातो. पगारी नर्स मात्र बक्षिसी देणाऱ्या खाटेवर आणि बेवारस खाटेवर सारखंच थांबू शकते, आणि थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये प्रज्ञेबरोबर करुणेला धम्माची कोनशिला म्हटलं, आणि तिच्याशिवाय समाज जगू शकत नाही असं कारण दिलं. ती कोनशिला कुणा एकाच्या हळव्या स्वभावावर सोडून चालणार नाही. ती शिकवावी लागेल, आणि शिकणाऱ्याला पोटभर पगारही द्यावा लागेल.

म्हणूनच मला या परीक्षेचा राग येत नाही, आपल्या अभ्यासक्रमाबद्दल मात्र तळमळ वाटते. आमच्या प्रात्यक्षिकात मुलीने ट्रे कसा लावला, चादरीचा कोपरा कसा दुमडला, याला गुण असतात. रुग्णाला काय कळलं हे तिने विचारलं का, याकडे परीक्षक क्वचितच पाहतात. लंडनच्या म्हातारीपुढे दोन सेकंद थांबायला शिकलेली मुलगी गडचिरोलीहून सिकलसेलच्या पोराला घेऊन आलेल्या बाईपुढे का थांबत नाही? ती बाई गोंडी बोलते, आणि मोठ्याने मराठी बोललं की तिला कळेल असा वॉर्डात समज आहे. त्या बाईलाही कुणी विचारायला हवं की तुला काय समजलं, आणि तुला कशाची भीती वाटते.

त्या विद्यार्थिनीला ‘बी’ मिळाला. लिहिण्यात थोडं कमी पडलं, बोलण्यात चांगलं आलं. व्हिसाची कागदपत्रं होईपर्यंत ती माझ्याकडे येते आणि नव्या मुलींसमोर रुग्ण होऊन बसते. अवघड रुग्ण होते, पटकन मानत नाही. शुक्रवारचा वर्ग आम्ही आता इंग्रजीत घेत नाही. त्या दिवशी तेच रोल-प्ले वऱ्हाडीत आणि हिंदीत होतात, गुण देण्याची मोजपट्टी मात्र ओईटीचीच. आणि धानोऱ्याकडची एक आशाताई या महिन्यापासून यायला तयार झाली आहे. ती रुग्णाची आई होऊन गोंडीतच बोलेल. मुलींना गोंडी येत नाही. दुभाषा म्हणून तिचा बारा वर्षांचा मुलगा मध्ये बसेल, कारण आमच्या वॉर्डांमध्येही बहुतेक वेळा असंच एखादं पोर मध्ये असतं.